तेलाचा दिवा

पहिल्यांदा लागला कावळा नाक्याच्या सिग्नलला.
लाल. बोटाच्या नखाएवढी झारी,
तोटीशी एक थेंब,
काही केल्या खाली न पडणारा.
सिग्नल सुटला, वेग आला, दिवा गेला.
म्हटलं, भास असेल.
तावडे हॉटेलापाशी भास परत लागला.

गाडी दोन हजार तीनची झेन,
रंग एके काळी निळा असावा.
गडहिंग्लजच्या डॉक्टर हत्तरकींकडून घेतली तेव्हा
ते म्हणाले होते, "हिला कधी ताप आलेला आठवत नाही."
डॉक्टरच म्हणतोय म्हटल्यावर
मी काय नाडी बघणार.

पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते मी.
एक रुपया जास्त भरला तरी घरी जाता येत नाही.

शेजारचे कुरुंदवाडे म्हणाले, ऑइल बदला. बदललं.
पंपावरचा पोरगा म्हणाला, पातळ घातलंय, जाड घाला.
तेही घातलं.
भाच्यानं काळी चिकटपट्टी आणली,
"दिसलाच न्हाई तर तरास कसला, मावशी?"
दोन दिवस खरंच बरे गेले.
तिसऱ्या रात्री इचलकरंजीहून येताना
पट्टीच्या कडेनं तांबडं पाझरायला लागलं,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकू यावं तसं.
रेडिओ बंद केला
आणि शिरोलीच्या पुलापर्यंत इंजिन ऐकत आले.
ऐकायला बसलं की त्यात
टकटक, खरखर, कुणाचं तरी कण्हणं,
सगळं असतं.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज,
एका बाजूला लेथ, दुसरीकडे फाउंड्रीच्या जळक्या वाळूचा वास.
आधी त्यानं पट्टी ओरबाडून काढली.
"हे कुणी केलं?"
मी भाच्याचं नाव सांगितलं नाही.
ऑइलची पट्टी ओढली, फडक्याला पुसली, परत घातली, परत ओढली.
ऑइल बरोबर.
स्विच नवा बसवला. दिवा तसाच.
मग मीटर आणलं, थेट इंजिनाला जोडलं,
काटा झटक्यात वर गेला आणि तिथंच राहिला.
"प्रेशर झकास. ह्यो मग कुठला शुक्राचार्य बसलाय झारीत?"

त्यानं स्विचची वायर उपटली.
दिवा विझायला हवा होता.
विझला नाही.
दस्तगीर पहिल्यांदा हसला.
"वायर काढली तरी बोलतोय.
म्हंजे इंजिन न्हाई बोलत, मॅडम. मधलंच कोणतरी बोलतंय."

मग बॅटरी घेऊन तो वायरीमागे वाकला,
इतका, की फक्त चपला दिसत होत्या.
बराच वेळ काही नाही. लेथ फिरत राहिला.
"या हिकडं. बघा."
पत्र्याच्या एका काठावर वायर घासून उघडी पडलेली,
इंजिन हललं की तांबं पत्र्याला टेकत होतं.
आणि त्या जागेभोवती गुंडाळलेली,
तेलानं काळी झालेली, झिजून विरलेली
औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी.
बँडेजवाली.
नीट, एकावर एक, तीन वेढे.

"हात चांगला हाय," दस्तगीर म्हणाला,
"पण काठ तसाच ठेवला की."
त्यानं काठ कानशीनं घासला,
वायरीवर रबरी नळी चढवली.
साडेतीनशे रुपये, स्विचसकट.
जुना स्विच चांगलाच होता म्हणून तो परत दिला,
कागदात गुंडाळून.

घरी येऊन डॉक्टरांना फोन लावला.
"कोण? झेन? हां, हां."
तुमची पट्टी निघाली, म्हटलं.
पलीकडे जरा शांतता.
"किती वर्षं टिकली म्हणायची मग?"
आणि आवाजात चक्क अभिमान.
मी भांडायचं ठरवलं होतं. राहून गेलं.

आता रोज सकाळी किल्ली अर्धी फिरवली की
दिवा लागतो. लागायलाच हवा,
दस्तगीरनं बजावलंय, "ज्या दिशी लागणार न्हाई त्या दिशी या."
स्टार्टर मारला की जातो.
तरी मी लगेच गिअर टाकत नाही.
दहाची एक गड्डी मोजून व्हावी एवढा वेळ
त्या काळ्या जागेकडे बघत बसते,
जिथला चिकटा
अजून निघालेला नाही.