मरळु

उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीच्या चहाआधी
मोनाप्पा वाळू मुठीत दाबतो
आणि मूठ उघडतो फोनसमोर.
फोन माझ्या हातात. माझं काम तेवढंच.

तिकडे धारवाडला, प्रयोगशाळेत,
अक्षता हुक्केरी चष्मा वर सारते.
‘स्वल्प हत्तिर.’ मी फोन जवळ नेतो.
वाळूच्या लाडूवर चार बोटांचे ठसे,
कड शाबूत.
‘ओल किती?’
‘बेताची.’

बेताची हा आकडा नव्हे.
दोन महिने इथंच अडलं होतं सगळं:
शंभरात अठरा पंप बाद,
ओतीव लोखंडाच्या पोटात वाऱ्याची भोकं,
आणि विद्यापीठाशी केलेला करार
सहीशिक्क्यासह कपाटात, गार.

मग मिक्सरच्या तोंडाशी बोटाएवढा सेन्सर बसला.
आता दर पाच मिनिटांनी आमची ओल धारवाडला जाते,
चहाचा घोट गिळायच्या आत.
वीज गेली की मी वहीतले आकडे बोलून पाठवतो.
मागं भट्टी घोंघावत असते.
ती म्हणते, भट्टी किती तापलीय ते मला ऐकूनच कळतं.
चेष्टा असेल. विचारलं नाही.

एका रात्री पडद्यावर सगळं हिरवं होतं,
ओल तीन पूर्णांक चार, हवी तेवढीच.
मोनाप्पानं मूठ उघडली, बंद केली.
‘रुसल्या आज. वतू नको.’
मी तसंच कळवलं, लाजत.
ती हसली नाही. मातीच्या पोत्याचा फोटो मागितला.
पोतं नवं होतं. माती दुसऱ्याच खाणीची.
सेन्सर पाणी मोजतो, माती कोण मोजणार?
तेव्हापासून तिच्या तक्त्यात एक रकाना जादा आहे,
वर नाव: मोनाप्पा.
खाली बेताची, बेताची, रुसलेली, बेताची.

गेल्या मंगळवारी तिचा कन्नडमधून निरोप आला.
फोननं भाषांतर करून दाखवलं: परत पाठवा.
मी महिन्याची सगळी फाईल पुन्हा पाठवली.
पुन्हा तेच: परत पाठवा.
मोनाप्पानं डोकावून मूळ अक्षरं वाचली.
‘अरे खुळ्या, मरळु. वाळू मागालीय की ती!’
मग स्वतःशीच,
‘परत येणं पण मरळुच म्हणा.
साचा फोडला की वाळूच होत्या परत.’

दोन किलो, दुहेरी पिशवीत, तोंड सुतळीनं बांधून
हुबळी गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिली.
त्याचा नंबर तिला पाठवला.
गाडी कित्तूरला पोचली असेल तेव्हा
मोनाप्पानं विचारलं,
‘वाटेत वाळणार नाही न्हवं?’