जोडरेषा

सगळं आधी फिकं करून घ्यायचं.
भिंती, दारं, जिने,
वास्तुविशारदाने महिनाभर भांडून मिळवलेली ती गोल खिडकी,
सगळं निम्म्या राखाडीत.
मग पाण्याच्या नळ्या लाल.
आमच्या कामात पाणीच लाल असतं,
नव्या पोरांना पहिला आठवडा याचं हसू येतं.

वालपाराइसोच्या टेकडीवर एक वृद्धाश्रम व्हायचाय.
आत्ता तो माझ्या पडद्यावर आहे, रात्रीचे पावणेदहा,
सकाळी आठला अठरा पत्रकं छापून गेली पाहिजेत.
चौथा मजला पत्रकावर ओढून आणते. मावत नाही.
पन्नासास एक ठेवला तर चौकटीबाहेर पाय काढतो,
शंभरास एक केला तर स्प्रिंकलर मोहरीएवढे,
नळीचा व्यास वाचायला भिंग लागेल.
म्हणून दोन तुकडे.
पश्चिम एकशेचारवर, पूर्व एकशेपाचवर.
एक दृश्य एकाच पत्रकावर बसतं,
दुसरीकडे नेलं की सॉफ्टवेअर हटून बसतं: नक्कल काढा.
काढते.
मधे जोडरेषा. लांब तुकडा, दोन टिंबं, लांब तुकडा.
पुढे पाहा, पत्रक १०५.

खाली कोपऱ्यात, आखणी: या. ओयार्सून.
तपासणी: ए. कार्कामो.
म्हातारा कार्कामो एकतीस वर्षं बंबावर होता,
बिनपगारी. आमच्याकडे सगळेच बिनपगारी.
आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ना,
तसं नव्हतं त्या रात्री. बंब वेळेवर पोचला होता.
त्याने हायड्रंट उघडला
आणि आतून हवा आली.
तो आवाज तो अजून तोंडाने काढून दाखवतो.
हसत नाही.

त्यामुळे पत्रक हातात आलं की तो आधी एकच खोली शोधतो:
जिथे दाब सगळ्यात कमी.
तिथून हिशेब सुरू.
तिथे पाणी पोचलं तर सगळीकडे पोचलं.
ही इमारत घळीभोवती वाकलेली, उभे नळ दोन्ही टोकांना,
म्हणून सगळ्यात दूरची खोली टोकाला नाही,
मधोमध आहे.
खोली ४१७.
आणि जोडरेषा नेमकी तिच्यातून गेलेली.

फर्निचर मी बंद ठेवते.
माझ्या पत्रकांवर कुणी झोपत नाही.
पण म्हटलं, बघू तरी. चालू केलं.
एक पलंग. एक खुर्ची. कुंडीत कसलंसं झाड.
उशी एकशेचारवर.
पाय एकशेपाचवर.

नियमाने यात काही चूक नाही.
दोन्ही पत्रकं शेजारी ठेवली की पलंग जुळतो.
पण शिडीवर चढताना एर्वीन शेजारी शेजारी काही ठेवत नाही.
एकच कागद, चार घड्या, मागच्या खिशात,
दुसरा खाली सिमेंटच्या पोत्यावर, वर कुणाचा तरी डबा.

रेषा धरली आणि सरकवली,
दोन मीटर चाळीस, भिंतीपलीकडे, कपड्यांच्या कपाटाच्या खोलीत.
एवढंच.
मग एवढ्याचं शेपूट निघालं:
मापांच्या साखळ्या तुटल्या, नळ्यांची नावं एकमेकांवर चढली,
सूचनांची यादी चौकटीखाली घुसली,
छोट्या नकाशातला रेघांचा भाग पुन्हा भरावा लागला, चार ठिकाणी.
बंदरातून एका जहाजाने भोंगा दिला तेव्हा एक वाजून गेला होता.
कॉफीवर साय धरली होती.
फर्निचर बंद केलं.

सकाळी कार्कामोने चष्मा कपाळावर चढवला,
नाक कागदाला लावलं, बोट रेषेवरून वर नेलं.
"ही इथे का?"
"खोली मोडत होती."
बोट थांबलं. ४१७वर दोनदा टकटक.
मग काही न बोलता पुढचं पत्रक ओढलं
आणि लाल पेनने एक गोल केला.

एकशेपाचवरचा उत्तरेचा बाण
दक्षिणेला तोंड करून होता.

फिरवते आहे.