सनद

सोहारला, फलजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
म्हणजे दुकान हमूदचं, मशीन हमूदचं, व्हिसाही त्याचाच.
माझी फक्त बोटं, टोनरने काळी झालेली.
शेजारी सरकारी अर्जांचं ऑफिस,
पाटीवर तीनच अरबी अक्षरं: सनद.

पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलोच.
दापोलीला आमच्या पेटीत एक सनद आहे,
इनामाची, वाळवीने अर्धी वाचलेली.
आजोबा दर वैशाखात तिला ऊन दाखवायचे,
पापडांच्या शेजारी.

सुदाम गेडाम दुपारी दोनला आला.
जूनपासून या वेळी बाहेरचं काम बंद, कायद्याने.
सावलीचंसुद्धा परिपत्रक निघतं इथे.
चांगलंच आहे. निघत नव्हतं
तेव्हाही माणसं सावलीकडेच सरकत होती.

फरशा बसवतो. चंद्रपूरकडचा.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, पगार चार महिने हवेत.
म्हणाला, अर्ज लिहून दे.
मी सुरुवात केली: कृपावंत होऊन पासपोर्ट परत मिळावा ही विनंती...
"इनंती नोको लिहू. माहा हाये म्हनून लिही."

मी त्याला त्याच्याच पासपोर्टची प्रत दाखवली.
बारीक अक्षरांत छापलंय, हा भारत सरकारच्या मालकीचा.
कंपनीचा नाही. पण तुझाही नाही, सुदाम.
त्याने कागद डोळ्यांशी नेला, मग हातभर लांब धरला.
"आन् ह्या फोटोतलं थोबाड? थे कोनाच्या मालकीचं?"

मग भिंतीला टेकून बसला, दोन ग्लास पाणी प्यायला,
आणि बापाचं सांगू लागला.
जंगलातली अडीच एकर. वनहक्काचा दावा.
साहेब म्हणाले, तुम्ही इथे होता याचा पुरावा आणा.
बाप म्हणाला, मोहाच्या झाडाले इचारा.
साहेबांनी लिहिलं: पुरावा सादर केला नाही.
सात वर्षांनी पट्टा आला, दीड एकराचा.

"मग उरलेली एकर कुठे गेली?"
"कुठं जाईन? तिथंच हाये. आमीच कसतो."

अरबी अर्ज शमसाने टाइप केला.
सनदमधल्या खुर्चीत ती बसते, नखांवर मेंदी, पुढ्यात कॉफी.
मोडक्या अरबीत मी तिला म्हटलं,
हक्क आमच्याकडेही हक्कच.
अर्ज, कायदा, वकील, जामीन, मालक,
सगळे तुमच्याच बाजूने आले,
कोण जाणे किती गलबतांतून, खजुराच्या गोण्यांत दडून.
ती हसली. "मग आता परत द्यायला आलास?"

फॉर्मवर एक रकाना होता: कफील.
म्हणजे या माणसाची हमी ज्याने घेतली तो.
तक्रारही त्याच्याचविरुद्ध.
शमसाने थांबून माझ्याकडे पाहिलं, मी सुदामकडे,
सुदाम एसीकडे पाहत होता.
तिने कंपनीचंच नाव भरलं.
दुसरं काही संगणक घेत नाही.

निघताना विचारलं, सनद म्हणजे तुमच्यात नेमकं काय गं?
तिला शब्द सापडेना.
खुर्ची मागे रेलवून तिने पाठ भिंतीला लावली.
"हे. टेकायला जे असतं ते."

साडेतीनला व्हॅन आली.
सुदाम हेल्मेट घालून चढला, मागे न बघता.
तारीख मिळालीय, पुढच्या महिन्याची. पासपोर्टचं अजून काही नाही.

दुकानात भिंतीवर त्याच्या पाठीचा ओला ठसा होता,
खांद्यांपासून कमरेपर्यंत.
तो वाळायच्या आत मी त्या थोबाडाची
आणखी एक प्रत काढून ठेवली,
आणि शंभर बैसा हमूदच्या गल्ल्यात टाकले,
माझ्या खिशातले.