खिंडीच्या अलीकडे

'सूज आहे, उतरेल,' असं तालासच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं होतं.
दोन दिवस मीही तेच म्हणत राहिले.
मोतीबिंदू काढून सतरा दिवस झालेले,
आणि उल्कान आपांना त्या डोळ्यानं
खिडकी दिसायची, खिडकीतलं काही नाही.

"साय धरलीय," त्या म्हणाल्या, "पण आतल्या अंगानं."
मी मान हलवली, थेंब वाढवले.
चाळीस वर्षं लोकर थापून नमदे करणारी बाई
थरांबद्दल बोलत होती, आणि मी ऐकत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ग्लिसरीन टाकलं.
धुकं मिनिटभर विरळ झालं.
उजेडाची फट मी बारीक केली, अजून बारीक,
तेव्हा दिसली कॉर्नियामागे दुसरी रेघ,
खाली घट्ट, वर सुटलेली,
ओल्या पाकिटावरच्या तिकिटासारखी.
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा पडदा
आणि फटीत शिरलेलं पाणी.
"हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय," बाल्ताबेक म्हणाला.
मीही, म्हटलं.

टाका नाही, डिंक नाही.
सुईनं आत गॅसचा एक बुडबुडा सोडायचा
आणि माणसाला उताणं निजवायचं.
बुडबुड्याला वर जाण्यावाचून दुसरं काही येत नाही.
तेवढंच हवं असतं.
"आम्ही पायांनी तुडवतो," आपा छताला म्हणाल्या,
"चिकटेपर्यंत."

चौथ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला.
घोड्या व्यायल्या होत्या, घरी माणूस नव्हतं.
मी म्हटलं, तो-आशूची खिंड ओलांडायची नाही,
तीन हजार मीटरवर बुडबुडा फुगेल, डोळा ठणकेल, जाईलसुद्धा.
तो थोडा वेळ किल्ल्या वाजवत राहिला.
"वर गेल्यावर चिप्सचं पाकीट फुगतं, तसं?"
तसंच.
मग आपा बिश्केकमध्ये भाचीच्या घरी राहिल्या,
स्वयंपाकघरात जमिनीवर, उताण्या,
रोज फोनवर घोड्यांची नावं घेत.

बुडबुडा जर्दाळूच्या बीएवढा, मग वाटाण्याएवढा,
मग एके सकाळी नाहीच.
पडदा बसला होता. खालच्या कडेला एक चुणी राहिली.
आपांनी माझ्या कोटाकडे पाहिलं:
"खिशाची शिवण वाकडी आहे."

रात्री तालासला पत्र लिहिलं.
आधी लिहिलं, 'तपासताच लक्षात आलं.'
ते खोडलं.
'तिसऱ्या दिवशी,' असं लिहिलं.