दोन फूट तार

ऑर्विल टोर्गरसन, वय चौऱ्याहत्तर.
कागदाच्या गिरणीत अडतीस वर्षं
जाडी मोजली त्यानं,
केसाएवढा फरक बोटांना कळायचा.
आता तो खारीची उडी मोजतो:
सरळ वर चार फूट,
आडवी नऊ,
छपरावरून खाली
कितीही.
वहीत तारखेसकट लिहिलंय.

विस्कॉन्सिनच्या पार उत्तरेला हे गाव,
एप्रिल संपला तरी
गॅरेजच्या सावलीत मळका बर्फ पडून असतो.
खिडकीमागे आर्डिस.
खुब्याचं हाड बदलल्यापासून
खुर्ची, काठी, कॉफी, खुर्ची.
पाखरांचं खाणं टांगलं ते तिच्यासाठी:
तिला चिकडी दिसाव्यात,
खोडावरून डोकं खाली करून उतरणारा
तो निळसर नथॅच दिसावा, म्हणून.
आली कोण,
तर खार.
करडी, गलेलठ्ठ, शेपटीचा नुसता थाट,
आणि पाठीवर
कुणी मायेनं बोटं फिरवल्याची एकही रेघ नाही.
खारीचा वाटा म्हणतात ना,
इथं वाटा पाखरांना,
उरलेला डबा तिचा.

आधी त्यानं खांबाला ग्रीस फासलं.
ती घसरली, बसली,
पंजा चाटून तोंड वाकडं केलं,
पुन्हा चढली.
मग जुन्या शेगडीचं धुराडं खांबावर उपडं घातलं.
मग दाण्यांत तिखट कालवलं,
पाखरांना तिखट लागत नाही,
बियाणंवाल्या गुन्थरनं शपथेवर सांगितलेलं.
वारा फिरला
आणि डोळे पुसत, शिंकत
ऑर्विलच घरात आला.
मग सूर्यफूल बंद, करडई सुरू.
खारीला करडई आवडत नाही.
चार दिवस
नाही आवडली.

या सगळ्याच्या मागे, जाळीच्या दारातून
एक हसू ऐकू यायचं.
हिवाळाभर त्या घरात
न ऐकलेलं.

जुलैत, लेट्यूसच्या वाफ्यात,
त्याला सापडलं भुईमुगाचं टरफल.
मग दुसरं.
मग पायरीखाली ढीगभर.
इथल्या मातीत भुईमूग कोण लावतं?
दारामागे आर्डिसची काठी टेकलेली,
तिच्या रबरी बुडाला
अर्धं टरफल चिकटलेलं.

घरचा भेदी.

तो पायरीवर बसला.
धुराडं, ग्रीस, तिखट, करडई,
एकशे बारा डॉलर नि काही सेंट.
आत कॉफीचं भांडं गुरगुरत होतं.
त्यानं टरफल सोडवून खिशात टाकलं
आणि काठी होती तशी ठेवली.

शनिवारी नवा खांब रोवला.
आडवी उडी नऊ फूट,
वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं.
खांब कुंपणापासून
आठ फुटांवर.
“या वेळी नाही जमायचं तिला,” तो जोरात म्हणाला,
खिडकीला ऐकू जाईल इतपत.
खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

सशांचं मात्र वेगळं.
सशांना माफी नाही.
जाळी वीतभर जमिनीखाली गाडलेली,
वाफ्याभोवती न्हाव्याकडून आणलेले केस,
अर्ध्या गावाचे, बहुतेक पांढरे,
आणि सफरचंदाच्या कोवळ्या रोपाला
दोन फूट तार, गोल,
टोकं आत वळवलेली.

फेब्रुवारीत एका सकाळी
रोपाची साल तारेच्या वर, गोलाकार
सोलून खाल्लेली. आतलं लाकूड
उकडलेल्या बटाट्यासारखं पांढरं.
तार दोन फूट.
बर्फ दोन फूट.
ससा बर्फावर उभा राहिला, एवढंच गणित,
अडतीस वर्षं मापं घेणाऱ्याला
सुचलं नाही.

“तू होतीस ना खिडकीत?”
“होते.”
“दिसला तुला?”
“दिसला की.”
“मग काच का नाही वाजवलीस?”
आर्डिसनं कप खाली ठेवला.
“अरे, दोन पायांवर उभा होता तो,” ती म्हणाली,
“कशाचाही आधार न घेता.”

ऑर्विलनं वही उघडली,
तारीख घातली,
आणि बराच वेळ
पेन्सिल नुसती धरून बसला.