मोजणी

लक्ष्मीपती पत्रात आकडाच लिहायचा.
"अक्का, दोनशे चार."
म्हणजे तितक्यांदा हलत्या जहाजावर विमान उतरवलं,
शेपटीचा आकडा तारेत अडकवून.
मी सुपातून मान न उचलता हिशेब लावायची:
माझ्या दिवसाला हजार बिड्या,
याला दोनशेला इतकी वर्षं?

सोलापुरात समुद्र कुणी पाहिलेला?
अण्णा म्हणायचे, कंबर तलाव धर,
आणि काठ विसर.

एका रात्री तार तीनदा चुकली म्हणे.
ते पत्र त्यानं वर्षानं टाकलं.
आकडा नव्हता त्यात.

बाहीवरच्या पट्ट्या वाढल्या. ॲडमिरल झाला.
साखर पेठेत फ्लेक्स लागला,
त्यावर विमान भलतंच, प्रवाशांचं.
पत्रं थांबली, फोन आला:
"आता मोजायला काही नाही, अक्का. नुसत्या सह्या."

गड्ड्याला आला तेव्हा
माझ्यासमोर मांडी घालून बसला.
पान कापलं, जर्दा भरला,
दोरा बांधताना ओठ चावला, लहानपणी चावायचा तसा.
"एक," म्हणाला.

संध्याकाळी कारखान्यात चेकरनं
ती बाजूला टाकली. छाट.
घरी मी काही बोलले नाही.
त्या दिवशीची मजुरी
नऊशे नव्व्याण्णवची.