भांग

माझं काम कागद कापायचं.
टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला विनिफ्रेड,
मधे उभी अडीच किलोची पिप,
अंगभर पुड्या. बेचाळीस. मी मोजल्यात.
बदामाचं तेल, मग केसांची एक बट,
कागदात घडी, घडीवर घडी, वर रबर.
आत रेशीम, बाहेर किराणा.
वर्षातले साडेतीनशे दिवस ही अशीच जगते,
पुड्यांसकट बिस्किट खाते,
पुड्यांसकट पोस्टमनवर भुंकते.
त्यानंही आता हसणं सोडलंय.

सोळाव्या वर्षी विनिफ्रेड कीथलीच्या गिरणीत लागली,
रफूच्या खोलीत, उत्तरेच्या खिडक्यांखाली.
ठाणच्या ठाण लोकर तिच्या बोटांखालून सरकली.
गाठ डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला लागायची.
लंडनच्या कुणा वकिलाच्या पाठीवर
तिनं जोडलेला धागा अजून बसला असेल,
त्याला पत्ता नसेल.
आता गिरणीत फ्लॅट झालेत, तळमजल्यावर जिम.
बोटं तेवढी घरी आली.
जुनी माणसं म्हणायची, या कुत्र्यांचे केसही मागावरच निघाले.
पिपच्या पाठीवरून हात फिरवलात
तर तुम्हीही वाद घालणार नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर
मधोमध एक डाग आहे, बशीएवढा.
कडेकडेनं दिसतं.
माझ्याकडे बघायचं असलं
की ती माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघते.
सवय झालीय, मला आणि भिंतीला.

हॅरोगेटला सकाळी सहाला पुड्या सोडल्या.
एकेक बट बाहेर आली, चुरगळलेली, झोपेतून उठल्यासारखी.
अंघोळ, ड्रायरची गरम हवा, डुकराच्या केसांचा ब्रश,
आणि मग पोलादी निळा धबधबा टेबलापर्यंत,
तोंडावर तांबूस सोनं, डोक्यावर लाल रिबीन.
शेवटी भांग.
नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ,
विणायच्या सुईच्या टोकानं, श्वास धरून.
पिपनंही धरला होता.

'सरळ?' तिनं विचारलं.

शेवटच्या बरगडीमागे
भांग गव्हाच्या दाण्याएवढा डावीकडे गेला होता.
घड्याळात चार मिनिटं.
'सरळ,' मी म्हणालो.

रिंगणात लाल कापडाच्या खोक्यावर पिप उभी राहिली
जशी काही राणीच्या घरची,
सकाळी माझा मोजा चावलेली ही तीच, हे मीही विसरलो.
परीक्षक वेल्सचा, उंच, वाकताना गुडघे वाजणारा.
दात पाहिले, चाल पाहिली,
मग पाठीवरून नजर नेत नेत
बरगडीमागे थांबला,
जसा मी रिकाम्या स्टॉपवरही बस थांबवायचो,
नियम म्हणून.
मग पुढे गेला.

तिसरा नंबर. पिवळी रिबीन.
विनिफ्रेडनं ती पर्समध्ये टाकली, रुमालाखाली.

स्किप्टनच्या अलीकडे रस्त्यात मेंढ्या आल्या.
इंजिन बंद करून बसलो.
'बरगडीमागे वाकडा होता,' ती म्हणाली.
'तुला कसं…'
'बोटाला कळलं.'
'मग पुन्हा का नाही पाडलास?'
ती खिडकीबाहेर बघत होती,
म्हणजे माझ्याकडेच.
'बस खच्चून भरली की लोकांना सांगायचास ना,
मागून दुसरी रिकामी येतेय.
त्याच आवाजात म्हणालास, सरळ.
इतकं मनापासून खोटं. मोडवेना.'

मेंढ्या संपल्या. मी गिअर टाकला.
मागच्या सीटवर पिप घोरत होती.

घरी येताच तिनं परसात
शेगडीच्या राखेत यथेच्छ लोळून घेतलं.
आम्ही दोघं दारात उभे, कुणीच अडवलं नाही.
मग पुन्हा अंघोळ, पुन्हा तेल.
मी कात्री घेतली.
टेबलाच्या त्या टोकावरून हात पुढे आला,
मी पहिला कागद दिला.
तिनं कडेवरून अंगठा फिरवला.
'हा तिरका कापलायस.'

होता, जरासा.